बाजाराच्या दिवशीची गोळी

याडीचा प्रश्न पहिल्यापासून एकच होता. "एकाच पोटातले तुम्ही दोघं. मंग त्याचं आंग तुया किडनीसंग भांडते कायले?"

याडी म्हणजे आमची आई. आम्ही बंजारा, तांड्यातले. घरात गोरमाटी बोलतो, दारव्ह्याच्या बाजारात वऱ्हाडी. मी पुसदला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून माझी मराठी पुस्तकी झाली असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो मला 'बाई' म्हणतो; आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. त्याची जीप आहे. दारव्हा आणि आसपासच्या गावांमध्ये तो सीट भरतो. आमच्या पूर्वजांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातला होता. भाऊ म्हणायचा, "धंदा तोच हाय बाई. फक्त आपला बैल डिझेल पेते."

त्याचं ब्लडप्रेशर कधी वाढलं, किती दिवस वाढलेलं राहिलं, हे कोणालाच कळलं नाही. पाय सुजले तेव्हा त्याला वाटलं, दिवसभर क्लच दाबून सुजले असतील. पोटात पाणीही टिकेना, तोंडाला चव राहिली नाही, तेव्हा यवतमाळला दाखवलं. दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं आणि जीप तांड्यातल्या लिंबाखाली उभी राहिली. तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या तेव्हा मी ठरवलं की पुढचं सगळं आता मी हातात घेणार.

मला काम हातात घेता येतं. यादी केली की माझं डोकं शांत होतं. कोण किडनी देऊ शकतं? याडीला साखर, म्हणजे ती बाद. भावजयीचा रक्तगट जुळेना. वडील आधीच गेलेले. राहिले मी. नवऱ्याची संमती लागते असं नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं. मी घरी येऊन माझ्या नवऱ्यासमोर कागद ठेवले. तो म्हणाला, "तू ठरवून आली आहेस. सही कुठे करू ते सांग." त्यावर मी हसले. तो हसत नव्हता हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

तपासण्या झाल्या. एक दिवस डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. प्रत्येकाच्या शरीरातल्या पेशींवर एक खूण असते, ते म्हणाले. अर्धी आईकडून येते, अर्धी वडिलांकडून. शरीराचे पहारेकरी ती खूण बघत फिरतात. आपली दिसली की पुढे जातात, परकी दिसली की हल्ला करतात. जंतू असाच मारला जातो. आणि दुसऱ्याची किडनी बसवली तर तिच्यावरही ते असेच तुटून पडतात. ती आपल्या भल्यासाठी आली आहे, हे त्यांना कळायला काही मार्ग नसतो.

भावाने मान वर केली. "म्हंजे आमच्या स्टँडसारखं. दुसऱ्या रूटची गाडी नंबरात लागली का आमचे सारे पोट्टे गोळा होते. चाबी काढून घेते, हवा सोडते."

डॉक्टर हसले. "तसंच. आणि मी देणार त्या गोळ्या म्हणजे तुमच्या पोट्ट्यांना जागेवर बसवून ठेवणारा माणूस."

"संघटनेचा अध्यक्ष!"

"हां. अध्यक्ष. त्याने रोज स्टँडवर हजर राहिलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ. आयुष्यभर."

मग त्यांनी चांगली बातमी सांगितली. भावंडांमध्ये सगळ्या खुणा जुळण्याची शक्यता चारात एक. आमच्या सगळ्या जुळल्या होत्या. "असं जुळल्यावर भांडण कमी होतं," ते म्हणाले, "पण मिटत नाही. एकसारख्या जुळ्यांची गोष्ट वेगळी. बाकी कितीही जवळचं नातं असो, बारीकसारीक फरक राहतातच, आणि शरीर ते शोधून काढतं."

याडीने माझ्याकडे असं बघितलं, जणू ती परीक्षा मी अभ्यास करून पास झाले होते. भाऊ म्हणाला, "पाह्य बाई. नात्यातल्या माणसाची गाडी असली नं, तर नंबर नसला तरी स्टँडवर कोणी काही बोलत नाही."

सगळे हसले, डॉक्टरसुद्धा. त्या वेळी ते फक्त एक गमतीचं वाक्य होतं.

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. माझ्या कुशीत ठणका होता आणि मला कोणी यादी करायला कागद देत नव्हतं. नवी किडनी पाठीकडे बसवत नाहीत, पोटात खाली उजवीकडे बसवतात, आणि जुन्या दोन तिथेच राहू देतात, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या पिशवीत लघवी उतरली हे सांगायला भावजय माझ्या वॉर्डात धावत आली. बातमी अशी सांगितली, की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं आमच्याकडे नातू झाला. तिने अभिनंदन केलं. भावजय ओढणीत तोंड लपवून हसत राहिली. मग रडली.

घरी आल्यावर मी कामाला लागले. तांड्यातल्या त्याच्या भिंतीवर तक्ता लावला. वारांच्या खणांचा डबा आणला. पाणी उकळायचं, उघड्यावरचं खायचं नाही, मास्क, गर्दी टाळायची, आजाऱ्याला भेटायला जायचं नाही. पहाऱ्यावरचे लोक बसवून ठेवले की साधा सर्दी-खोकलाही आत शिरतो, हे मी घरातल्या प्रत्येकाला बजावलं. सकाळी ऑफिसला निघताना माझा फोन जायचा, संध्याकाळी परत जायचा.

"घेतली?"

"घेतली."

"बरं. ठेव."

तांड्यात पोरं त्याला चिडवायची, बाईचा फोन म्हणजे शाळेची घंटा. मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे एका कार्यक्रमात नायकांनी, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांनी, मला शाल-नारळ दिलं आणि म्हणाले, बहिणीने भावाला ओवाळणी घातली असं पहिल्यांदाच पाहिलं. भावाने मागून शिट्टी वाजवली.

वर्षभराने डॉक्टरांनी त्याला जीप चालवायला परवानगी दिली. कोंबड्या उतरवल्या गेल्या. आणि सगळं छान चाललं. एक वर्ष नाही, बरीच वर्षं चाललं, हे मी मुद्दाम लिहिते. माझ्या किडनीने काम नीट केलं. त्याने मुलीचं लग्न केलं, जीपला नवं इंजिन बसवलं. त्याच्या अंगावर पुन्हा मांस आलं.

या वर्षांमध्ये एक बारीक गोष्ट मी पाहिली होती. मी तांड्यात गेले की भावजय सगळ्यांना चहा द्यायची, आणि त्याचा कप अर्धाच असायचा. मला वाटलं तो पथ्याने चहा कमी पितो. मी त्याचं कौतुकही केलं. "बघा, याला म्हणतात शिस्त." भावजयीने माझ्याकडे बघितलं आणि ती चुलीकडे वळली.

कप भरला तर सांडत होता. त्याचे हात थरथरत होते.

गोळ्यांपैकी जी मुख्य होती, तिचाच तो परिणाम होता. काहींना होतो, काहींना होत नाही. कोणाला इतका बारीक होतो की सुई ओवतानाच कळतं. माझ्या भावाचा हात दिवसभर स्टिअरिंगवर असायचा, आणि शेजारच्या सीटवर दाटीवाटीने बसलेले तीन प्रवासी तो हात बघत असायचे.

एका बाजाराच्या दिवशी पुढच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. तिने त्याच्या हाताकडे बघितलं आणि सगळ्या जीपला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय रे बापा, सकायीच घेतली काय?"

जीप हसली. कोणीतरी मागून म्हणालं, "आजी, दम धरा नं, दारव्ह्याला पोचेपर्यंत उतरन त्याची."

तोही हसला म्हणे. पण माझ्या भावाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आमच्या वडिलांचं जे झालं ते बघून त्याने पोरवयातच ते ठरवलं होतं, आणि तांड्यात त्याची ओळखच ती होती: न पिणारा ड्रायव्हर. रात्रीची बाळंतीण न्यायची तर लोक त्याचंच दार ठोठावायचे. त्यानंतरच्या बाजाराला ती म्हातारी दुसऱ्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. तिच्या मागोमाग तिच्या गावच्या बायाही गेल्या. खाली उतरून हातात पिशव्या घेऊन, त्याच्या समोरून.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मी फोनवर विचारत होते, "घेतली?" आणि तो सांगत होता, "घेतली."

बाजाराच्या दिवशी ते खोटं असायचं. आदल्या संध्याकाळची आणि त्या सकाळची गोळी तो टाळायचा. दुपारपर्यंत हात जरा शांत राहायचा. मग संध्याकाळी परत सुरू. आठवड्यातून एकदाच. पुढे कापूस-सोयाबीनच्या हंगामात, फेऱ्या वाढल्या की दोनदा. नागपूरला तपासणीला जायचं असलं की आठ-दहा दिवस आधीपासून अगदी काटेकोर. रक्तातलं गोळीचं प्रमाण बरोबर यायचं. डॉक्टर म्हणायचे, उत्तम. आरटीओच्या पासिंगला न्यायच्या आधी जीप धुवून, हॉर्न-लाइट दुरुस्त करून न्यावी, तसं तो स्वतःला नेत होता.

आणि त्याला खरोखर वाटत होतं की चालतं. तो बेपर्वा नव्हता. रस्त्यात कोणी आपली किडनी बदलून घेतलेला भेटला, आईची असो वा बायकोची, तर तो त्याला बजावायचा, गोळी चुकवू नको. पण स्वतःबद्दल त्याचा हिशेब वेगळा होता. सगळ्या खुणा जुळलेल्या. सख्खी बहीण. एका पोटातले. स्टँडवर नात्यातल्या माणसाची गाडी. अध्यक्ष एखाद दिवस घरी राहिला म्हणून आपलेच लोक आपल्या बहिणीच्या गाडीची हवा सोडतील का? उलट रोज गोळी घेणं हाच बहिणीवर अविश्वास, असंही याडी कधीतरी बोलून गेली होती. 'भांडण कमी होतं, पण मिटत नाही' या डॉक्टरांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग या दोघांनी मनात ठेवला होता. दुसरा अर्धा माझ्या तक्त्यात होता.

मग एका तपासणीला रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं आलं. त्याला काहीच त्रास नव्हता. तो धडधाकट दिसत होता. आपण जंतूशी लढतो तेव्हा ताप येतो, अंग दुखतं. हे भांडण मात्र फार शांतपणे चालतं. डॉक्टरांनी किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि आम्हाला पुन्हा समोर बसवलं. खोली तीच. डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते.

शरीराने माझी किडनी ओळखली होती. ज्या बारीक फरकांबद्दल ते बोलले होते, ते त्याने शोधले होते, आणि आता त्याच्या रक्तात त्या किडनीविरुद्ध खास हत्यारं तयार झाली होती. एकदा ओळख पटली की शरीर ती विसरत नाही, ते म्हणाले. लहानपणीचा गोवर जसं ते विसरत नाही, तसंच.

"गोळ्या कधी चुकल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. तक्ता मी बनवला होता, तेव्हा उत्तरही मीच दिलं.

भावजय म्हणाली, "बाजाराच्या दिवशी चुकते."

मी तिच्याकडे बघितलं. भावाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. उताणे नाही, पालथे. ते थरथरत होते, अगदी बारीक, जीप उभी असून इंजिन चालू असतं तसे. "सायेब, याच्यानं गाडी चालवता येत नाही. लोक बसत नाही."

डॉक्टरांनी त्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "हे मला सांगायचं ना. डोस बदलता आला असता. नाही जमलं तर गोळीच बदलून दिली असती. दुसऱ्या आहेत."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर त्याला सोपं गेलं असतं. दुसऱ्या गोळ्या आहेत, एवढंच ते म्हणाले, आणि त्या खोलीत आम्हा तिघांना एकाच वेळी कळलं की हे सगळं एका वाक्याने टळलं असतं. दर तपासणीला ते विचारायचे, "काही त्रास?" आणि तो म्हणायचा, "काही नाही सायेब, एकदम मजेत." ज्या बहिणीने किडनी दिली तिच्यासमोर बसून, हात थरथरतात अशी तक्रार करायची त्याला लाज वाटत होती. एवढं मोठं मिळाल्यावर एवढंसं काय सांगायचं. हे त्याने मला नंतर सांगितलं.

उपाय झाले. सलाईनमधून जोराची औषधं दिली, आणखी महागडं काहीतरी दिलं. क्रिएटिनिन काही महिने थांबलं, मग पुन्हा चढलं. माझ्या ऑफिसात लोक विचारायचे, "मॅडम, तुमच्या भावाची कशी आहे?" त्यांना किडनी म्हणायचं असायचं. मी म्हणायचे, "ठीक." त्याच सुमारास माझी स्वतःची वार्षिक तपासणी झाली. राहिलेली एक अगदी उत्तम चालते आहे. तो रिपोर्ट मी घरात कोणाला दाखवला नाही. का कोण जाणे, त्या रिपोर्टची मला लाज वाटली.

आता तो पुन्हा डायलिसिसवर आहे, यवतमाळला. गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. ज्याचं रक्षण करायचं ते राहिलं नाही, मग पहारेकऱ्यांना बसवून कशासाठी ठेवायचं? माझी किडनी मात्र त्याच्या पोटातच आहे. त्रास देत नसेल तर काढत नाहीत. नागपूरला प्रतीक्षायादीत त्याचं नाव आहे. पण त्याच्या रक्तात आता ओळख मुरली आहे, त्यामुळे नवी कोणाची जुळणं पहिल्यापेक्षा अवघड. मृत माणसाची, पूर्ण परक्या घरातली. याडी म्हणते, तीच टिकेल बघ. परक्याची वस्तू माणूस जपून वापरतो. तिचं हे शरीरशास्त्र चूक आहे आणि ते मी तिला समजावत नाही.

लोक मला विचारतात, दिल्याचा पस्तावा होतो का? देण्याचा होत नाही. मला खंत वेगळीच वाटते. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ मी त्याच्याशी बोलले आणि एकच प्रश्न विचारला. घेतली का? घेतल्यावर कसं वाटतं, हे एकदाही विचारलं नाही. तो अर्धा कप माझ्या डोळ्यांसमोर होता.

बरेच दिवस तो मला टाळत होता. राखीला आला नाही, भावजयीला पाठवलं. शेवटी मीच गेले. शनिवार होता, तो अंगणात जीपचा एअर फिल्टर झटकत बसला होता. डायलिसिस नसलेल्या दिवशी तो अजून एखादी फेरी मारतो. बाजाराच्या दिवशी जीप उभीच असते. नेमकी त्याच वारी त्याची यवतमाळला डायलिसिसची पाळी असते.

मी खाटेवर बसले. तो फिल्टर झटकत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "बाई, तुयी वस्तू खराब केली मी."

"वस्तू काय रे."

"मंग काय म्हणू? दुसऱ्याची जीप मागून आणली अन् ठोकली तर माणूस दुरुस्त करून देते. हे तुले परत बी देता येत नाही."

"मला परत नको आहे."

"मले म्हाईत हाय तुले नको. म्हणूनच तं."

तो उठून आत गेला. भावजय शेतात गेली होती, याडी झोपली होती. आत भांड्यांचा आवाज झाला. मला वाटलं तो रडायला गेला आहे, म्हणून मी उठले नाही. थोड्या वेळाने तो दारात आला तेव्हा त्याच्या हातात कपबशी होती. चहा त्याने स्वतः केला होता. त्याला आता पाणीही मोजून प्यावं लागतं, त्यामुळे कप एकच, माझ्यापुरता. कप काठोकाठ भरलेला होता. दारापासून खाटेपर्यंतचं अंगण उंचसखल आहे, मध्ये एक दगडही आहे. तो सावकाश चालत आला आणि कप माझ्या हातात दिला.

"पाह्य," तो म्हणाला. "गोळी बंद झाली अन् हात कसा झाला."

मी बशीकडे बघितलं. एक थेंब सांडलेला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि पुष्कळ दिवसांनी जरासा हसला. मग मी तो चहा प्याले. साखर जास्त होती. मला सारखं वाटत होतं की बशीत थोडा सांडलेला असता तर किती बरं झालं असतं.